पुलाच्या जिन्याखालचा पितळी माणूस

उद्या तुम्ही ती वीतभर उंचीची पितळी माणसं शोधत शहरभर हिंडणार ना? हिंडा. पण एकालाही बोट लावू नका. का ते सांगतो.

ती माझ्या साडूनं केलेली. आधी मेणात घडवायची, मग पितळेत ओतायची. त्यांवर नाव घालायची परवानगी नव्हती, म्हणून हा मेणातच प्रत्येकाच्या पाठीवर अंगठा दाबायचा; रेघ न् रेघ उमटायची. "तेवढं एक माझं," म्हणायचा.

लोक काय करतात? शोधतात, फोटो काढतात आणि चघळलेलं च्युइंगम त्यांच्या तोंडात कोंबतात. वर दात काढतात. शी... आणि ते साफ कोण करणार? हाच.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. रविवार सरून सोमवार लागायची रात्र. रस्ते रिकामे म्हणून तो बादली आणि ब्रश घेऊन निघाला. टपालपेटीखालचा झाला. वाचनालयाच्या खिडकीतला झाला. लोकांच्या नावानं बोटं मोडत परत येताना पुलाच्या जिन्याखाली आणखी एक दिसला. उकिडवा बसलेला. तोंड वासून.

हा त्यानं केलेला नव्हता.

"मग कोणी केला, काका?"

मध्ये बोलू नकोस. ऐक.

तोंड च्युइंगमनं गच्च भरलेलं. ब्रश आत जाईना. यानं सवयीनं अंगठा घातला. लगदा निघाला... आणखी निघाला. लाळेनं ओला. त्यात केस. नखांचे तुकडे. नासक्या दुधाचा वास. आणि पितळ थंड हवं ना, त्या गारठ्यात? आत ऊब होती.

मग... ओठ मिटले.

चावलं नाही. चोखलं. तान्हं मूल चोखतं तसं... सावकाश.

यानं हिसडा मारला. अंगठा सुटला. तो माणूस कलंडला. पाठ वर.

पाठीवर अंगठ्याचा ठसा. ओला.

मेहुणी सांगते, पहाटेपर्यंत न्हाणीघरातला नळ चालू होता. साबणाची अख्खी वडी संपली, वास गेला नाही. सकाळी मी त्याच्याबरोबर गेलो. जिन्याखाली काही नव्हतं.

साडू अजून माणसं करतो. परवा माझ्यासमोर त्यानं मेणावर अंगठा दाबला. मूर्ती माझ्यापुढे धरली...

खळगा पडला होता. त्यात अंगठ्याची रेघ एकही नव्हती.