मुनिसाने भाव उतरवला

मुनिसाने त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो फळांची रिकामी पेटी डोक्यावर पालथी धरून रस्ता ओलांडत होता. कोकंदच्या खोऱ्यात आभाळाला मार्चमध्ये असं मधूनच वेड लागतं. सकाळी ऊन, दुपारी ताडताड गारा, आणि जर्दाळूची फुलं बिचारी चौथ्या दिवशीच चिखलात! तो थेट तिच्या बाबांच्या सायकलच्या दुकानात शिरला. पेटी खाली ठेवली, केसांत अडकलेली एक गार काढून तळहातावर घेतली आणि मुनिसाकडे असा बघत राहिला, जणू तिनेच ती नेम धरून मारली असावी.

"परत घेता का?" त्याने विचारलं.

"विकलेला माल आम्ही परत घेत नाही."

तो हसला. हसला म्हणजे काय, एकच गाल हसला... दुसरा थंडीने आखडला होता. मुनिसाने त्याला चहाचा प्याला दिला. एकवीस वर्षांची होती ती. बाबांचे गुडघे दुखायला लागल्यापासून दुकानाची पुढची बाजू तीच सांभाळायची, आणि आपण फार छान विकतो हे तिला नुकतंच कळलं होतं. अशा मुलीला गिऱ्हाईक म्हणजे पर्वणीच. त्यातून ते देखणं असलं तर...

त्याची नजर निळ्या सायकलवर गेली. केवढ्याला, त्याने विचारलं. तेवीस लाख सोम, तिने सांगितलं. फोनवर एकवीसला मिळते, तो म्हणाला.

"मग फोनवरच बसून जा ना घरी."

हे उत्तर तिला तोंडपाठ होतं, कारण सगळ्यांच्याच फोनवर ती एकवीसला मिळायची. बरेच जण यायचे, सायकलवर बसून बघायचे, सीट वर-खाली करून घ्यायचे, फोटो काढायचे आणि गोड बोलून निघून जायचे. आठवड्याने तीच सायकल खोक्यात घालून आणायचे, "तोलिब-आका, तेवढी जोडून द्या." आणि तिचे बाबा, तोलिब-आका, पुटपुटत का होईना, जोडून द्यायचे. ब्रेक उलटा बसला तर पोरंटोरंच तोंडावर आपटणार, म्हणायचे.

भाव मात्र त्यांना उतरवता यायचा नाही. ताश्कंदच्या डिस्ट्रिब्युटरची सक्त ताकीद होती: खोऱ्यातल्या कुठल्याच दुकानाने तेवीसच्या खाली जायचं नाही. एकाने भाव पाडला की फोनवरचे विक्रेते त्याच संध्याकाळी त्याच्याही खाली जातात, मग बाकीचे दुकानदार बोंब मारतात. जो मोडेल त्याचा माल बंद. मर्गिलानच्या एका दुकानाचा झालाच होता. तिथे आता मोबाईलची कव्हरं विकतात. "गिऱ्हाइकाला चहा पाज, पाहिजे तर गाणं म्हणून दाखव," बाबांनी बजावलं होतं, "पण तेवीसच्या खाली उतरू नकोस, पोरी. आपला सगळा उन्हाळा त्या सायकलींवर आहे."

पुढच्या गुरुवारी तो पुन्हा आला. गारा नव्हत्या, काही नव्हतं. नाव एल्योर. पुन्हा त्याने निळ्या सायकलचाच भाव विचारला, आणि मग घासाघीस सुरू झाली. गुरांच्या बाजारात कशी, विकणारा आणि घेणारा एकमेकांचा हात धरून गदागदा हलवतात, भाव ठरेपर्यंत सोडत नाहीत... आता मुलीचा हात कसा धरणार? म्हणून त्याने सायकलच्या हँडलची एक मूठ धरली आणि दुसरी तिला धरायला लावली.

"एकवीस?" हँडल हललं.

"तेवीस."

"बावीस?"

"तेवीस!"

घंटी आपली किणकिण वाजतेय, मुनिसाला हसू आवरत नाहीये, आणि आत चहा उतू गेलेला. एक गोष्ट मात्र नवलाची होती. ती तेवीस म्हणाली की त्याचा चेहरा उजळायचा. भाव कमी होत नाही म्हणून खूश होणारं गिऱ्हाईक तिने जन्मात पाहिलं नव्हतं. तिने आपल्यापुरता अर्थ लावला. याला सायकल नकोच आहे, याला घासाघीस हवी आहे. तिला तरी दुसरं काय हवं होतं? सायकल खपली की येणं खुंटलं. त्या रात्री झोपेपर्यंत तिला तेवीस हा जगातला सगळ्यात सुंदर आकडा वाटत होता.

तिसऱ्यांदा तो आला तो एप्रिलच्या मध्यावर, पडलेल्या चेहऱ्याने. म्हणाला, उद्या ताश्कंदला परत जायचंय, इथलं काम संपलं. कसलं काम, तिने विचारलं. कंपनीचं, फिरतीचं, एवढंच तो बोलला. मग हँडलची मूठ धरून उभा राहिला. तिने दुसरी धरली.

"शेवटचं विचारतो. केवढ्याला?"

मुनिसाला वाटलं, बिचारा महिनाभर पैसे जमवत असणार आणि ते पुरत नसणार. असाच रिकाम्या हाताने परत जाणार? बाबा मागच्या अंगणात होते. ती जरा पुढे झुकली.

"ऐक..."

"मुनिसा, तेवीस म्हण," तो घाईने म्हणाला.

"का म्हणू?"

"म्हण तर. नेहमीसारखं."

किती मानी आहे हा, तिला वाटलं. उपकार नको त्याला! आणि तो इतका आवडला तिला त्या क्षणी...

"वीस," ती म्हणाली. "आम्हाला पडली त्याच भावात. फक्त तुला."

हँडल हललं नाही. एल्योरने खिशातल्या फोनवर हात दाबून धरला. "असं का केलंस," तो इतक्या हळू म्हणाला, की तिला ओठांवरूनच कळलं. मग चहा न घेताच तो निघून गेला.

नवव्या दिवशी ताश्कंदहून फोन आला. बाबांनी तो उभ्याने घेतला आणि ऐकता ऐकता खाली बसले. डिस्ट्रिब्युटरचा माणूस गिऱ्हाईक बनून तीनदा येऊन गेला होता. तिसऱ्यांदा वीस सांगितले, आवाज फोनमध्ये भरलेला आहे. या हंगामात माल मिळणार नाही. बाबा रागावले नाहीत. त्यांनी फक्त "वीस?" एवढंच विचारलं. मुनिसाने मान डोलावली. रागावले असते तर बरं झालं असतं.

मे महिन्यात दुकानावर नवी पाटी लागली: 'कुठूनही घेतलेली सायकल जोडून मिळेल.' आता फोनवरच्यांचे खोके रांगेने यायचे. बाबा जोडायचे, मुनिसा खोकी फोडायची. निळ्यासुद्धा यायच्या त्यात.

आणि तुती पिकल्या तेव्हा एल्योर आला. नोकरी सोडली, म्हणाला. फोन खिशात चालूच असायचा, आवाज आपोआप ताश्कंदला जायचा, एकदा बोललेलं पुसता यायचं नाही. तरी तुमचा माल बंद होण्याचं हे काही खरं कारण नाही, तो म्हणाला.

"तिसरी फेरी न येताच कागदावर भरता आली असती. सगळे भरतात. पण मग तुला भेटायला कारण उरलं नसतं... म्हणून आलो होतो."

मुनिसा खोक्याची पट्टी कापत राहिली.

"मला एकच सांग. त्या दिवशी वीस का म्हणालीस?"

पलीकडे बाबांचा पाना थांबला. उत्तर तिच्या जिभेवर होतं. सहा आठवडे होतं. रोज रात्री ती ते मनात घोळवायची, कधी रडून, कधी भांडून, कधी नुसतं हळू. आता तोंड उघडायचं, बस. पण समोर बाबांची वाकलेली पाठ दिसली, दारावरची ती पाटी दिसली...

"माल खपत नव्हता," ती म्हणाली.

"एवढंच?"

"एवढंच. अजून काही हवंय का तुम्हाला?"

ते 'तुम्हाला' तिच्या तोंडून कसं गेलं, तिलाच कळलं नाही. तो बाबांना सलाम करून, दाराशी एकदा थांबून, गेला.

बाबांनी पाना खाली ठेवला. मग चाक फिरवत, त्या चाकालाच सांगितल्यासारखं म्हणाले, "न खपणाऱ्या सायकली पुष्कळ होत्या. वीस मात्र एकालाच सांगितलेस."

मुनिसा उठली. हातातली सुरी तशीच टाकून धावत सुटली, चहावाल्याच्या कोपऱ्यावरून, नानच्या भट्ट्यांवरून, पार गाड्यांच्या अड्ड्यापर्यंत. ताश्कंदच्या गाड्या चौथा प्रवासी मिळेपर्यंत हलत नाहीत, कधीकधी तास-तासभर उन्हात उभ्या असतात. पण तिघे सकाळपासून वाट बघत बसलेले होते, अड्ड्यावरच्या माणसाने सांगितलं. चौथा आत्ताच मिळाला.