भिंतीला उशिरा कळतं

वीटभट्टीची भिंत दोन हात जाड होती. आत भाताचं तूस धडधडून पेटलं, तरी बाहेरच्या विटेला त्याचा पत्ता लागायला दिवस जात. भट्टीवाल्याची मुलगी लुआ रोज बाहेरच्या त्याच एका विटेवर तळहात ठेवून पाही.

मांग थीतच्या कालव्यावरचा नेहमीचा होडीवाला आजारी पडला, म्हणून त्या दिवशी तूस घेऊन खियेम आला. पोती उतरवून तो भिंतीला टेकला आणि हसला.

“आग झोपलीये वाटतं तुमची!”

“आग जागी आहे. भिंतीला अजून कळलेलं नाही.”

लुआने भट्टीचं तोंड उघडलं. तत्क्षणी गालांना झळ बसली. खियेमने आपली निमुळती टोपी मध्ये धरली… आणि गाल तसेच झटकन निवले.

“झळ वळसा घालून येत नाही वाटतं?”

“नाही. सरळच येते.”

“मग मी इथेच उभा राहतो.”

“आणि उरलेली पोती? ती काय टोपी उतरवणार?”

पुढे प्रत्येक खेपेला तो टोपी धरून उभा राहू लागला. एकदा त्याने विचारलंही. पण तिचे वडील नुकतेच गेले होते. दुखवट्यात मुलीने लग्नाचं बोलायचं नाही, ही तिथली रीत. दुखवटा सरला, सदऱ्यावरची काळी पट्टी तिने जाळली. तरी ती गप्पच. बाबांची भट्टी टाकून जायचं कसं?

आता भट्टीच बंद होत होती. शेवटची आग विझली, आणि दुसऱ्या दिवशी खियेम रिकामी होडी घेऊन आला.

“ओहोटी लागली की निघतो, लुआ. इथे आता तूस नको… मग मी तरी कशाला?”

लुआने पहिल्यांदाच त्याचा हात धरला आणि त्या विटेवर टेकवला. तो दचकला.

“आग तर विझली ना? मग ही आत्ता कशी तापली?”

“आतली ऊब आत्ता कुठे इथवर पोचली. जाड भिंतीचं असंच असतं.”

तो तिच्याकडे बघत राहिला. हात त्याने काढला नाही.

“भट्टी उघडणार कधी?”

“घाई केली तर विटा तडकतात. बाबांच्या भट्टीतल्या या शेवटच्या… मी तडकू देणार नाही.”

घाटाच्या पायरीवरून पाणी मागे सरकू लागलं होतं.

“ओहोटी लागली,” तो हळूच म्हणाला.

“लागू दे. विटा निवेपर्यंत थांबा, आन्ह खियेम.” ‘आन्ह’ ही तिथे आपल्या माणसाला मारायची हाक. “मग मी तुमच्याशी लग्न करणार आहे.”