लोंबीचा रेडिओ

जालिंदरनं रेडिओची मागची फळी सोडवली आणि सोप्यात अंथरलेल्या धोतरावर वाळल्या कुंकवाची ढेकळं पडली... मागोमाग पिवळ्या अक्षता, झेंडूच्या पाकळ्या. विजयमालेनं कडेवरच्या लेकीला, सुलूला, घट्ट धरलं.

चार वर्षांपूर्वी ती औंधच्या या घरात नवी नवरी म्हणून आली, आणि दुसऱ्याच सकाळी सासऱ्यांनी, हंबीररावांनी, कौतुकानं सांगितलं म्हणून तिनं याच रेडिओची कळ फिरवली होती. जरा खरखरून तो मुका झाला, तो आजतागायत! हंबीररावांनी दुसऱ्या महायुद्धातून जपून आणलेली ती एकच वस्तू. ते रागावले असते तर परवडलं असतं. त्यांनी नुसतं तिच्याशी बोलणं सोडलं. सुनेचा पायगुण, असं शेजारणी कुजबुजल्या आणि तिनं ते मुकाट पदरात घेतलं. नवरा पलटणीत, सांगणार कुणाला? सुलूला वाचा फुटल्यावर तर सासऱ्यांचे निरोपही तिच्याच तोंडून येऊ लागले... आईला सांग, चहा टाक. आपल्या अबोल्याचं ओझं या चिमण्या जिवानं का वाहावं, असं विजयमालेला सारखं वाटे.

रेडिओ जर्मन आहे, त्याचं सामान मिळत नाही, असं सांगून दोघा कारागिरांनी तो परत केला होता. पण धूळ पुसताना तिला तबकडीवरची नावं दिसली. रोमा, मिलानो, तोरिनो. जर्मन कसला, हा तर इटलीचा! कापडी तोंडावर पितळेची गव्हाची लोंबी. सांगलीत रेडिओचं दुकान चालवणाऱ्या भावाला, जालिंदरला, तिनं हे कळवलं. त्यानं जुनी पुस्तकं धुंडाळली. खेड्यातल्या शाळांसाठी, शेतकऱ्यांसाठी केलेला रेडिओ होता तो. तो इटलीत मिळाला तरी बनावट जर्मनच, असं कारागिरांचं ऐकून हंबीररावही धरून बसले होते; आता त्यांना सगळं आठवलं. त्यांची तुकडी एका शाळेतच उतरली होती, आणि तिथल्या मास्तरीणबाईंनी निघताना तो त्यांच्या हाती दिला होता.

आणि आज त्याच्या पोटातून हे कुंकू...

"दुधाचा हबका बसलाय," जालिंदर म्हणाला. "वरच्या फटीतनं दूध आत गेलंय. तार हिरवी पडून तुटली. एका दिवसात झालेलं न्हाई हे."

खंडेनवमीला घरातली अवजारं कोण पुजतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सासूबाईंनी, मनुबाईंनी, त्या लोंबीत लक्ष्मी पाहिली होती. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांच्याकडे पाहून विजयमालेचं अंतःकरण करुणेनं भरून आलं. आपली चार वर्षं गेलीच. आता या म्हातारपणी त्यांच्या वाट्याला तोच अबोला कशाला?

"मामंजी, पूजा मी केली होती," ती म्हणाली. "हात सैल पडला माझा."

"खोटं बोलतीया पोर!" मनुबाई खांबाला धरून उठल्या. "ती यायच्या आधी धा वर्सं मीच घालत हुते दूध. लक्ष्मी हाय म्हनून... आन् बोलनी हिनं खाल्ली." त्यांनी सुनेला कवटाळलं. दोघींच्या डोळ्यांना धारा लागल्या.

हंबीररावांनी एक अक्षता बोटात धरून निरखली.

"लक्ष्मीच्या तोंडात तांदूळ कोंबलं व्हय गं? मग ती बोलंल कशी?" आणि ते इतके हसले, की खोकला लागला.

जालिंदरनं तार जोडली, वीज त्याला झेपेल अशी उतरवणारा जुना ट्रान्सफॉर्मर पुन्हा लावला. पण कळ फिरवेना. तो हंबीररावांकडे पाहत राहिला.

"सूनबाई," हंबीरराव म्हणाले. "तुमीच लावा."

तिनं कळ फिरवली. खरखर... पुन्हा खरखर... आणि मग सांगली केंद्रावरची सनई सोपाभर ओसंडली. मनुबाईंनी हात जोडले, कुंकवाचा करंडा मात्र लांब सारला.

"सूनबाई, आता चहा टाका समद्यांना," हंबीरराव म्हणाले.

सुलू कडेवरून वळली आणि सवयीनं आईच्या गालाला हात लावून म्हणाली, "आई, आबा म्हनत्यात, चा टाक."

हंबीररावांनी नातीला आपल्याकडे घेतलं. डोळे पुसायला त्यांना धोतराचा सोगा सापडत नव्हता.

"तू ऱ्हाऊ दे आता, माजे बाय. आमचं आमी बोलतो."