रिंगवरचं अक्षर

दुकानाच्या दारावर लोखंडी चष्म्याची एक पाटी टांगलेली होती. इतकी उंच, की आजवर तिला कुणाचं डोकं लागलं नव्हतं. त्या सकाळी मात्र 'ठण्ण' असा आवाज झाला आणि पाटी कितीतरी वेळ झुलत राहिली.

ठमी आतल्या खोलीतून धावत बाहेर आली. ठमी म्हणजे दुकानाच्या मालकांची धाकटी मुलगी. डोळे तपासायचं रीतसर शिक्षण घेतलेली, हाताखालून हजारो डोळे गेलेली. लहानपणी गुबगुबीत होती म्हणून वडिलांनी ठेवलेलं हे नाव सव्विसाव्या वर्षीही तिला चिकटून होतं.

दारात एक भलाथोरला उंच माणूस कपाळ चोळत उभा होता.

"पाटी दिसली नाही का?" तिने विचारलं.

"नाही ना," तो कसनुसं हसत म्हणाला. "म्हणून तर आलोय."

तिला हसू आवरलं नाही. तिने त्याला आत नेलं, खुर्चीत बसवलं. खुर्ची खाली करता करता तळाला टेकली, तरी त्याचे गुडघे तिच्या टेबलाला लागतच होते.

"कधीपासून त्रास आहे?"

"नऊ सामने झाले."

"मी दिवस विचारले."

"मी सामन्यांतच मोजतो. बास्केटबॉल खेळतो मी. आपल्या शहराच्या संघातून. पोटापाण्याचा धंदाच तो." त्याने पुन्हा कपाळ चोळलं. "मागच्या मोसमात दर सामन्यात एकवीस गुण करायचो. आता सात झाले तरी लोक टाळ्या वाजवतात... चिडवायला. समोरचे संघ ऐंशीच्या पुढे जातात आणि आमचा साठीतच म्हातारा होतो."

आता तिच्या डोक्यात प्रकाश पडला. बाबा टीव्हीसमोर बसून ज्याच्या नावाने बोटं मोडायचे, तो 'जिराफ' हाच! 'अरे, त्या जिराफाला कुणीतरी सांगा रे, रिंग समोर असते, शेजारी नसते!' हे वाक्य तर तिला पाठ होतं. नशिबाने बाबा भिंगं आणायला बाहेर गेले होते.

तिने दिवा मालवला, भिंतीवरचा तक्ता उजळला. त्याने शेवटची ओळ धडाधड वाचली. मग तिच्या खालचं, तक्ता छापणाऱ्याचं मुंगीएवढं नावही वाचलं. तिने एकामागून एक भिंगं घातली, काढली. डोळ्यांच्या आत डोकावून पाहिलं.

"तुमच्या डोळ्यांत काही म्हणजे काही दोष नाही."

त्याचा चेहरा पडला. इतकी चांगली बातमी ऐकून इतका हिरमुसलेला माणूस तिने पहिल्यांदाच पाहिला.

"पुन्हा एकदा बघा ना. थोडासा तरी नंबर निघेल..."

"पाठीवर आहे तेवढा नंबर पुरे."

तो हसला नाही. "निघाला असता तर बरं झालं असतं. चष्मा लावला असता, सुटलो असतो. आता दोष माझाच म्हणायचा."

ते इतक्या साधेपणाने बोलला, की तिला त्याला तसाच जाऊ देववेना.

"डोळा चांगला असला म्हणजे नजर जागेवर असतेच असं नाही," ती म्हणाली. "मला तुम्हाला खेळताना बघावं लागेल."

"शनिवारी या. दोन पास ठेवतो. तुम्ही... कुणाबरोबर याल?"

"बाबांबरोबर."

"बरं झालं!"

"काय बरं झालं?"

"हेच..." त्याचे कान लाल झाले. "वडिलांना खेळ आवडतो ते."

*

शनिवारी बाबा घसा ताणून ओरडत होते आणि ठमी दुर्बीण डोळ्यांना लावून एकाच माणसाकडे बघत होती. तपासणीसाठी हं, असं तिने स्वतःला दोनदा बजावलं.

संघ वाईट नव्हता. ज्याला सगळे 'भिंगरी' म्हणायचे तो ठेंगणा, चपळ खेळाडू प्रतिस्पर्ध्यांच्या पायांमधून निसटावा तसा निसटायचा आणि चेंडू नेमका पोचवायचा. पट्ट्या बांधलेल्या गुडघ्यांवर कप्तान अजूनही रिंगखालून चेंडू ओरबाडून आणायचा. सगळं करून चेंडू जिराफाच्या हातात यायचा, तो उडी मारायचा, मनगट वळायचं... आणि चेंडू रिंगच्या कडेला लागून बाहेर. मग कोच उठायचे आणि बाकावरच्या बदली खेळाडूच्या खांद्याला हात लावायचे.

संघ एकोणीस गुणांनी हरला. ठमी खेळाडूंच्या दारापाशी जाऊन उभी राहिली. तो बाहेर आला, केस ओले, खांद्यावर बॅग. तिला बघून थबकला.

"सापडलं," ती म्हणाली. "तुम्ही बाकाकडे बघता."

"म्हणजे?"

"चेंडू हातातून सुटायच्या आधीच तुमची नजर रिंगवरून निघते आणि बाकाकडे जाते. आता कोण उठलं, मला बाहेर काढतायत का... तेच बघता तुम्ही. नेम धरलेला असतो, पण शेवटच्या क्षणी डोळा तिथे नसतो."

त्याचा चेहरा कठीण झाला. "नऊ वर्षं खेळतोय मी."

"मी सात वर्षं डोळे बघतेय."

"मग चष्मे विका. खेळ आम्हाला खेळू द्या," असं म्हणून तो तरातरा निघून गेला.

तिला राग यायला हवा होता. आलाही. पण तिला पक्कं माहीत होतं, की आपलं बरोबर आहे आणि हा माणूस परत येणार आहे.

चौथ्या दिवशी तो आला. बाबा समोरच बसले होते. जिराफ आपल्या दुकानात वाकून उभा आहे हे बघून त्यांच्या हातातली फ्रेम हातातच राहिली.

"मी सामन्याचा व्हिडिओ पाहिला," तो ठमीला म्हणाला. "बावीसदा नेम धरला. एकोणीसदा बाकाकडे बघितलं. तुमचं बरोबर होतं आणि मी... उद्धटपणे बोललो."

"बोललात खरे."

"कोच म्हणाले, या महिन्याच्या शेवटच्या सामन्यात सुधारलो नाही तर बाकावर. मोसम संपल्यावर करारही नाही. हा सामना हरलो तर संघही खालच्या गटात जाणार." त्याने तिच्याकडे बघितलं. "नजर जागेवर आणता येते?"

"येते," ती म्हणाली. तिच्या आवाजात इतकी खात्री होती, की बाबांनीही मान डोलावली.

*

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सात वाजता ठमी सरावाच्या हॉलमध्ये हजर. तिने शिडी मागवली, स्वतः वर चढली आणि रिंगच्या मागच्या कडेला बोटाच्या पेराएवढ्या कागदावर छापलेलं एक अक्षर चिकटवलं.

"चेंडू आत गेला की बाहेर, ते मला सांगायचं नाही," ती वरूनच म्हणाली. "चेंडू सुटताना अक्षर कोणतं दिसलं, तेवढं सांगायचं."

कोच हाताची घडी घालून बघत होते. कप्तान भिंगरीच्या कानात काहीतरी पुटपुटला आणि दोघं हसले. भिंगरीने चेंडू दिला. जिराफाने उडी मारली. चेंडू हुकला.

"कोणतं?"

"...नाही दिसलं."

"पुन्हा."

पहिल्या दिवशी शंभर चेंडूंत तीसदा अक्षर दिसलं. तिसऱ्या दिवशी साठदा. ठमी दर दहा चेंडूंनंतर शिडी चढून अक्षर बदलायची. शिडी धरायला तो स्वतः यायचा, दुसऱ्या कुणाला धरू द्यायचा नाही. सहाव्या दिवशी कप्तान पुढे झाला. "ताई, माझ्यासाठीही एक चिकटवा की. मला फाउलनंतरचे दोन जमत नाहीत." मग भिंगरी आला. आठवड्याभरात अख्खा संघ ओरडून अक्षरं वाचत होता. हॉल म्हणजे पहिलीचा वर्ग झाला होता.  कोचनी फक्त रोजच्या सरावात अर्धा तास वाढवला.

एका सकाळी सगळे निघून गेल्यावरही तो चेंडू टाकत राहिला.

"कोणतं अक्षर?" ठमीने विचारलं.

"च."

"चूक. मी 'क' लावलाय."

त्याने पुन्हा उडी मारली. चेंडू रिंगला चाटूनही न जाता सरळ आत उतरला.

"हा," तो म्हणाला.

"कसला हा? 'क' आहे तिथे!"

"मला काल रात्रीपासून 'च' आणि 'हा' हेच दिसतंय. समोरच्या कोपऱ्यावर चांगला मिळतो." चेंडू काखेत धरून तो तिच्याकडे बघत होता. "पंधरा मिनिटं. दुकान उघडायच्या आत सोडतो."

ठमीने शिडी भिंतीला लावायला जरुरीपेक्षा जास्त वेळ घेतला. "नजरेचा दोष गंभीर दिसतोय," ती शेवटी म्हणाली. "चला."

बाहेर ऊन कोवळं होतं. टपरीवरचा कप त्याच्या पंजात बाहुलीचा वाटत होता. तो कप फिरवत राहिला, प्यायला विसरला.

"एक विचारू? तुम्ही अंधाऱ्या खोलीत इतक्या जवळून लोकांच्या डोळ्यांत बघता. भीती नाही वाटत?"

"कसली?"

"समोरचा पण बघेल, याची."

"मला डोळ्याच्या आतला पडदा दिसतो. माणूस नाही दिसत."

"कधीच नाही?"

ती कपाच्या कडेकडे बघत राहिली. "...आजवर तरी नाही."

"आणि आज?"

"आज दुकान उघडायचंय," म्हणत ती उठली. पण रस्ताभर तिचं पाऊल जमिनीला लागत नव्हतं, हे तिच्या बाबांनी दुरूनच ओळखलं.

*

शेवटच्या सामन्याला हॉल खच्चून भरला होता. अर्धे लोक संघ बुडताना बघायला आले होते. बाबा मात्र म्हणाले, "ठमे, आज मी त्याला जिराफ म्हणणार नाही. निदान मध्यंतरापर्यंत तरी."

पहिला चेंडू त्याने कोपऱ्यातून टाकला. हुकला. हॉलमध्ये हशा पिकला. ठमीने दुर्बीण उचलली. त्याची नजर बाकाकडे गेली नव्हती. चेंडू खाली येईपर्यंत रिंगवरच होती.

"येणार," ती म्हणाली. "आता पडायला लागणार बघा."

दुसरा आत. तिसरा आत. चौथा तीन गुणांच्या रेघेच्याही मागून, आणि तो असा अलगद उतरला की बाबा शेजारच्या अनोळखी माणसाच्या गळ्यात पडले. कप्तानाने फाउलनंतरचे दोन्ही चेंडू टाकले, ओठ हलवत, दिसत नसलेलं अक्षर वाचत. भिंगरीच्या पायांना तर चाकं लागली होती. मध्यंतरात कोच जिराफाजवळून गेले आणि बदली खेळाडूला म्हणाले, "बस आरामात. पाणी पी."

शेवटची अकरा सेकंदं उरली तेव्हा संघ एका गुणाने मागे होता. चेंडू त्याच्याकडे आला. समोरचे दोघं जण त्याच्यावर धावले, कारण आज तोच टाकणार हे हॉलमधल्या लहान पोरालाही कळलं होतं. तो उडाला, हात वर गेले, डोळे रिंगवर खिळले. दोघंही त्याच्याबरोबर उडाले... आणि रिंगवरची नजर न हलवता त्याने चेंडू खाली, कप्तानाच्या हातात सोडला. रिंगखाली कप्तान एकटाच होता. त्याला फक्त हात वर करायचे होते.

जिराफाच्या नावावर सव्वीस गुण लागले. संघाच्या नावावर ब्याऐंशी, समोरच्यांच्या एक्याऐंशी.

त्याला लोकांनी उचलून घेतलं. त्या गर्दीतून तो मान उंचावून कुणालातरी शोधत होता, पण ठमीला तिथवर पोचताच आलं नाही. बाबांचा घसा बसला होता, डोळे भरून आले होते. त्यांना सांभाळत ती घरी गेली.

*

सकाळी बाबांनी वर्तमानपत्रातून तोंड बाहेर काढलं. "संघ आज दौऱ्यावर निघालाय म्हणे. तीन आठवडे. आठला सरावाच्या हॉलवरून बस आहे."

"हं."

"त्याने काही सांगितलं का तुला?"

"नाही."

"आणि तू त्याला?"

ठमीने हातातलं फडकं खाली ठेवलं. तिला कळेना, आपण कशाची वाट बघतोय? ज्या गोष्टीची आपल्याला खात्री आहे ती दुसऱ्याने आधी बोलावी म्हणून तीन आठवडे झुरायचं? हे काही तिच्या स्वभावात बसत नव्हतं.

"बाबा, मी जाऊन येऊ?"

"मला काय विचारतेस? आठला पाच कमी आहेत!"

ती पोचली तेव्हा बस सुरू झाली होती. तिने दारावर थापा मारल्या. दार उघडलं. ती वर चढली. बारा खेळाडू, कोच आणि ड्रायव्हर, सगळे तिच्याकडे बघायला लागले. तो मागून तिसऱ्या खिडकीशी बसला होता.

"मला एक बोलायचंय," ती धापा टाकत म्हणाली. "सगळ्यांनी ऐकलं तरी चालेल. मला तू आवडतोस. खेळतोस म्हणून नाही. आपलं चुकलं म्हणून येऊन माफी मागितलीस ना, त्या दिवसापासून. बस्स. एवढंच."

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. 

तो उठून उभा राहिला. "मी... तीन आठवड्यांत वाक्य जुळवणार होतो. परत आलो की सांगणार होतो."

"कुठवर जुळलं?"

"काल रात्रभर एकच शब्द झालाय."

"कोणता?"

"तू," तो म्हणाला. "त्याच्या पुढे काही सुचतच नाही. आणि काही लागेल असंही वाटत नाही."

भिंगरीने शिट्टी मारली. कोचनी घड्याळ बघितलं. "बाई, उशीर होतोय. उतरा तरी, नाहीतर बसा तरी."

"चौकापर्यंत बसते," ठमी म्हणाली.

तो खिडकीकडे सरकला. ती शेजारी बसली. त्याचा हात तिच्या हातावर आला, मोठा, उबदार, बोटांना चेंडूचे घट्टे पडलेला. आणि तिने तो सरळ आपल्या दोन्ही हातांत घेतला. 

चौक आला. ड्रायव्हरने वेग कमी केला आणि आरशातून मागे पाहिलं.

"हा नाही हो," कप्तान पुढच्या बाकावरून, मागे न बघता म्हणाला. "पुढचा."

पुढचा चौक आला. बस हळू झाली.

"हाही नाही," या वेळी कोच म्हणाले, आणि वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरलं.