ऑसिलोस्कोप जळाला त्या दुपारी

सहदेवची आणि माझी ओळख होऊन वीस मिनिटंही झाली नव्हती, तोच मी त्याचा ऑसिलोस्कोप जाळला.

त्याआधी मी त्याला कधी पाहिलंही नव्हतं. देऊळघाटात आमचं घर एका टोकाला, त्याचं दुसऱ्या. मी घरी गावरान कोंबड्यांची पिल्लं काढते. थर्माकोलची पेटी, आत बल्ब, आणि आतली गरमी पाहून तो चालू-बंद करणारा एक छोटा कंट्रोलर. त्या रविवारी कंट्रोलरच बंद पडला. पेटीत बेचाळीस अंडी होती, एकविसापैकी अठरावा दिवस. आईला पेटीवर गोधडी टाकून बसवलं आणि मी कंट्रोलर घेऊन इलेक्ट्रिकच्या दुकानाकडे धावले.

दुकानदारानं तो उलटासुलटा पाहिला. "हे माह्याच्यानं होत नाई, पोरी. मारुतीच्या देवळामागं सहदेव राह्यतो, डाळमिलमधे इलेक्ट्रिशियन हाये. त्याच्याकडं लय मशिनी हायेत."

मशिनी खरंच होत्या. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत भिंतभर डबे, तारा, मीटर. आणि मधोमध टेबलावर जुन्या टीव्हीसारखी एक पेटी. तिच्या पडद्यावर हिरवी रेघ संथ वाहत होती.

"हा ऑसिलोस्कोप," सहदेव म्हणाला. "वीज दिसते याच्यात." भंगारातून आणून आठ महिने खपून त्यानंच तो जिवंत केला होता. सांगताना त्याची नजर माझ्याकडे नव्हती, रेघेकडे होती. लाजरा माणूस! त्यानं माझा कंट्रोलर उघडून विजेवर लावला, ऑसिलोस्कोपची हातभर लांब एक तार पुढे ओढली, आणि तेवढ्यात खालून त्याच्या आईनं, कौशल्याबाईंनी, हाक मारली.

"आलोच. हात नका लावू हं."

पाच मिनिटं झाली. माझ्या डोळ्यांसमोर अंडी थंड होत होती. त्या तारेच्या टोकाला पेनासारखी टोकदार कांडी होती आणि एक काळी चिमटी. तो चिमटी कुठेतरी लावणार, एवढं मला कळलं होतं. म्हटलं, आपण लावून ठेवू... तेवढाच वेळ वाचेल. मी ती कंट्रोलरच्या एका स्क्रूला लावली.

फट्ट!

निळा जाळ, जळका वास, सगळ्या घराची लाइट गेली. हिरवी रेघ विझली होती. चिमटीची तार वितळून टेबलाला चिकटली होती.

सहदेव दोन-दोन पायऱ्या चढत वर आला. मी भिंतीला टेकून उभी. आता हा ओरडणार... पण त्यानं टेबलाकडे पाहिलंच नाही.

"हात दाखवा."

"मी... मी फक्त..."

"हात दाखवा आधी." त्यानं माझे दोन्ही तळवे उजेडाकडे वळवून पाहिले. अगदी हलक्या हातानं, जणू पातळ काचेचे असावेत. "भाजलं नाई. बरं झालं." मग तो खुर्चीत बसला. "चूक माही हाये. चालू वीज तशीच टाकून गेलो मी."

मला रडू आलं. "तुमची आठ महिन्यांची मेहनत!"

"ते मंग पाहू. अंडे किती हायेत म्हणाल्या?"

माझा कंट्रोलरही जळाला होता; सहदेवनं फोन करून मागवलेला नवा मलकापूरहून संध्याकाळच्या एसटीनं येणार होता. तोवर आमच्या ओसरीवर अंड्यांच्या पेटीच्या एका बाजूला तो आणि दुसऱ्या बाजूला मी. थर्मामीटर माझ्या हातात, बल्बचं बटण त्याच्या.

"साडेसदतीस... अडतीस... बंद!"

"केलं."

"लवकर करत जा न."

"तुमी लवकर सांगत जा. तुमी तं माह्याकडं पाहून राह्यल्या."

"मी काऊन पाहू तुमाले? मी थर्मामीटर पाहून राह्यली."

"थर्मामीटर तं खाली हाये," तो हळूच म्हणाला. माझे कान तापले. ते मोजायला थर्मामीटर पुरला नसता.

चौथ्या दिवशी एकतीस पिल्लं निघाली. सांगायला मी धावत गेले, तर तो ऑसिलोस्कोप उघडून भिंगातून पाहत होता. आतली एक तांब्याची पट्टी जळून नाहीशी झाली होती, आणि एक-दोन भागही गेले होते.

"मी जाळला, तं मीच मदत करीन," मी म्हटलं.

पुढचे सहा रविवार मी टॉर्च धरला. मग कथिल वितळवून तारांना डाग द्यायला शिकले. माझा पहिला डाग शेंगदाण्याएवढा झाला; त्यावर तो इतका हसला की कौशल्याबाई चहा घेऊन वर आल्या आणि आपल्या मुलाकडे पाहतच राहिल्या. "हा हसते बी का?" त्या म्हणाल्या. त्यानंतर चहाबरोबर माझ्यासाठी मुरमुऱ्याचा चिवडाही येऊ लागला.

सहाव्या रविवारी त्यानं बटण दाबलं. पडदा उजळला. थरथरत... थांबत... हिरवी रेघ आली. तार लावायच्या दोन जागांपैकी एकच चालत होती, पण चालत होती. मी टाळ्या वाजवल्या. त्यानं नाही वाजवल्या.

"झालं मंग काम," तो म्हणाला.

"हाव." मी टॉर्च खाली ठेवला. सांगायचं होतं ते तसंही सांगायलाच हवं होतं. "पुढच्या रविवारी खामगावचे पाव्हणे येऊन राह्यले. मले पाह्याले."

तो बराच वेळ स्क्रू आवळत राहिला. आधीच आवळलेला स्क्रू.

"पोरगा काय करते?"

"मले मालूम नाई. मी इचारलंच नाई."

"काऊन?"

"तुमी इचारसान म्हणून वाट पाह्यली." मी टॉर्च परत उचलला. "सहा रविवार."

स्क्रूड्रायव्हर त्याच्या हातातून पडला. "मले वाटलं... तुमाले मशीन जळाल्याचं वाईट वाटते, म्हणून येता तुमी."

"वाईट एका रविवारी वाटते, सहदेव. सहा रविवार नाई वाटत."

तो उठला. खाली जाताना त्याचा जिना चढण्या-उतरण्याचा सगळा सराव हरवला होता. कठडा धरून, एकेक पायरी जपत तो उतरला, आणि स्वयंपाकघरातून त्याचा आवाज वर आला... "आई, जरा बस. एक सांगायचं हाये."

कौशल्याबाईंचा निरोप आला आणि आईनं खामगावच्या पाहुण्यांना गुरुवारीच 'नको' असं कळवलं. रविवारी आमच्या ओसरीवर कौशल्याबाई आणि इस्त्रीचा शर्ट घातलेला सहदेव बसले होते. बाबांनी घसा साफ केला. डाळमिल, शेत, पाऊसपाणी, सगळं विचारून झाल्यावर ते म्हणाले, "तं मंग, पोरगी पसंत हाये तुमाले?"

सहदेवच्या कपाळावर घाम आला. त्यानं बाबांकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. शेवटी दाराआड उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहून, सुटका मागावी तसा तो म्हणाला, "सांग न व तू!"

ओसरीवरच्या सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. आजवर आम्ही एकमेकांना तुम्हीच म्हणत होतो. 'तू' त्याच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं होतं, तेही चारचौघांत.

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि आईला म्हणाले, "चहात साखर जास्त टाक व. आता कायले इचाराचं!"