उत्तरावरचा अंगठा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या; मधे बोलायचं नाही.

ज्योतिषाची जुनी मासिकं स्कॅन करून संगणकावर चढवायची, हे माझं काम. त्या दुपारी माझ्या लेकीच्या हृदयाचं ऑपरेशन चाललं होतं. दवाखान्यात तिचे बाबा बसले होते. मला तिथं बसवेना, म्हणून समोरच्याच आमच्या ग्रंथालयात आले आणि मशीन सुरू केलं. हात रिकामे राहिले की माझं मन नको तिकडं धावतं.

आमच्या कामात एक चूक ठरलेली. पान दाबून धरताना बोट फोटोत येतं. मजकुरावर आलं तर पान पुन्हा घ्यायचं. वाचकांच्या प्रश्नांचं पान पडद्यावर आलं, तर उत्तरावर अंगठा. रुंद, नख काळं पडलेलं. माझा नव्हता… आणि खोलीत मी एकटीच होते.

वरचा प्रश्न स्पष्ट दिसत होता. ‘मुलगी नऊ वर्षांची, रास कर्क. हृदयाची शस्त्रक्रिया आहे. वाचेल का?’

माझी लेकही नऊ वर्षांची, रासही तीच. कुठूनसा ओल्या मातीचा वास यायला लागला. पान पुन्हा घेतलं. अंगठा खाली सरकला होता, उत्तर मोकळं झालं होतं.

‘योग दिसत नाही. मन घट्ट करा.’

वाचलं आणि अशी तिडीक गेली डोक्यात! “तू कोण रे सांगणारा?” मी मोठ्यानं म्हणाले. “पोटात मी वाढवलीय तिला. खड्ड्यात गेले तुझे ग्रह!”

उत्तरावर पंजा ठेवला आणि बटण दाबलं. कागद गार पडत गेला… मनगटाशी काहीतरी चाचपडलं… मी हात हलवला नाही.

पडद्यावर आता फक्त माझा पंजा होता. पान तसंच चढवलं. शेजारच्या खोलीत चढवलेली पानं तपासणारे साहेब धावत आले. “अहो बाई, हात आलाय! पुन्हा घ्या ते.”

“नाही घेणार,” मी म्हटलं, आणि पर्स उचलून दवाखाना गाठला.

संध्याकाळी लेक शुद्धीवर आली. डॉक्टर म्हणाले, सगळं छान झालंय. मला रडूच फुटलं.

“आई,” ती कुजबुजली, “एक माणूस माझा हात धरून ओढत होता… मग तू आलीस.”

“सोडला ना त्यानं?”

“सोडला…” तिची नजर माझ्या शेजारच्या मोकळ्या जागेकडं गेली. “आता तुझा धरलाय.”

“धरू दे,” मी म्हटलं, आणि दुसऱ्या हातानं तिचं पांघरूण सारखं केलं.