पाय कोणी हलवले?

भूल देणं हे माझं काम. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आजवर इतक्यांना झोपवलं, कुणी उठून भूत पाहिल्याचं सांगितलं नाही.

त्या सकाळची पेशंट शाळकरी पोर होती. पाठीचा कणा वाकडा, एक खांदा वर, एक खाली. कण्यात स्क्रू बसवून, सळ्या घालून तो सरळ करायचा होता. पण सरळ करताना आतली नस ताणली, तर पोर जन्माची लुळी. म्हणून ऑपरेशनच्या मध्येच आम्ही पेशंटला अर्धवट जागं करतो. आधी हात दाबायला सांगायचं, मग पाय हलवायला. पाय हलले की सगळ्यांचा जीव भांड्यात.

सळ्या घट्ट झाल्या. सर्जन म्हणाले, "मॅडम, उठवा."

पोर पालथी होती. मी टेबलाखाली वाकून तिच्या कानाशी तोंड नेलं. "बाळा, माझा हात दाब."

हात थंडगार, निपचित.

"बरं, पाय हलव."

"हलले!" पायांशी उभी असलेली सिस्टर ओरडली. "दोन्ही हलले!"

सगळ्यांनी हुश्श केलं. मला मात्र पटेना. हात हलत नाही आणि पाय हलतात? मी मशीनकडे बघितलं. घाईघाईत भुलीचा गॅस बंद करायचा राहूनच गेला होता.

"सर, थांबा… ही जागी नाहीये."

"मग पाय कोणी हलवले?"

मी मशीनकडे वळले. गॅस बंद केला, वाट बघितली, पुन्हा हाक मारली. या वेळी तिनं हात घट्ट दाबला. पाय मात्र… ढिम्म. सर्जनचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी सळ्या सैल केल्या. मी हाका मारत राहिले. अखेर एक अंगठा हलला, मग पाऊल, मग दुसरं. मला रडूच फुटलं, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी स्वारी खुशीत पाय हलवून दाखवत होती.

"मॅडम, तुम्ही पहिल्यांदा हाक मारलीत ना, तेव्हा ती म्हणाली, तू झोप, मी हलवते."

"कोण ती?"

"तुमच्या शेजारीच होती की… टेबलाखाली."

भुलीत माणसं वाट्टेल ते बरळतात. मी हसून विचारलं, "आणि आता कुठं गेली?"

"तुमच्याकडे. म्हणाली, मॅडमच्या घरी कुणीच नसतं."

हॉस्पिटलात सगळ्यांना वाटतं, घरी नवरा माझी वाट बघत असतो. तो केव्हाच सोडून गेलाय, हे मी कुणालाही सांगितलेलं नाही.

संध्याकाळी कुलूप उघडलं. आत अंधार, बंद घराचा कुबट वास. खरं तर माझी गाळण उडायला हवी होती. पण माझ्याआधी घरात कुणीतरी आलेलं असेल, या विचारानंच इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! दिवा न लावताच मी विचारलं, "आलीस का गं?"

आतल्या खोलीत, पलंगावरची चादर पायथ्याशी हलली. आधी उजवीकडे… मग डावीकडे.